एल्बोवर काय लिहिलंय ते आधी वाचा, मग बिल फाडा



आज दुकान उघडलं की एक काम करा. फळीवरून एक इंची एल्बो उचला, फडक्यानं पुसा, उजेडात धरा आणि त्याच्या अंगावर जे जे लिहिलंय ते कागदावर उतरवून काढा. कुणाच्या कागदावर एक नाव आणि एक आकडा येईल. कुणाच्या कागदावर नुसता आकडा. काही जणांचा कागद कोराच राहील. आणि गंमत म्हणजे हाच एल्बो काल संध्याकाळी आपण गुत्तेदाराला "आयएसआयचा माल आहे साहेब, डोळे झाकून न्या" म्हणून दिलेला असतो.

माझ्या नांदेड आणि लातूरच्या बॅचमध्ये हार्डवेअरवाले आणि पाइप-फिटिंगवाले दुकानदार भरपूर येतात. मार्जिन कसं वाढवायचं, उधारी कशी वसूल करायची, ऑनलाइनवाल्यांपुढं कसं टिकायचं, हे सगळे विचारतात. फिटिंगवरच्या खुणा कशा वाचायच्या, हे आजवर फार थोड्यांनी विचारलं. पण उधारीत अडकलेला पैसा उशिरा का होईना, दारात येतो. खुणेवरून परत आलेला माल फळीवर बसतो तो बसतोच, आणि गिऱ्हाईक जातं ते वेगळं.

लातूर जिल्ह्यातल्या एका दुकानदाराचं सांगतो. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं आणि पुढं गावोगावी पाणी योजनांची कामं निघाली, तेव्हा आपल्या भागातल्या बऱ्याच दुकानांना चांगले दिवस आले. या भावानंही एका गावच्या कामाला पीव्हीसी पाइप आणि फिटिंग दिले. माल साइटवर पडला, तपासणीला त्रयस्थ संस्थेचा माणूस आला. त्यानं पाइप बघितला. चिन्ह होतं, नंबर होता. फिटिंगच्या खोक्यावरही चिन्ह होतं, नंबर होता. त्यानं खिशातून मोबाइल काढून खोक्यावरचा नंबर टाकला. नंबर खरा निघाला, कंपनीही खरी निघाली. फक्त ते लायसन्स पाइपचं होतं. फिटिंगचं नव्हतंच.

सगळे फिटिंग नापास. गुत्तेदाराची माणसं चर खोदून बसलेली, त्यांची हजेरी चालू. त्यानं सरळ फोन केला, "मालक, माल उचला आणि दुसरा पाठवा, नाहीतर पाइपचं बिलपण विसरा." दुकानदारानं दुसरीकडून रोखीनं माल घेऊन पाठवला. पहिला माल पुरवणारा म्हणाला, "खोकं फुटलंय, परत घेत नाही."

यात दुकानदारानं भेसळीचा माल दिला होता का? नाही. एल्बो कदाचित दहा वर्षं टिकलाही असता. पण तपासणीवाला एल्बो फोडून बघत नाही, तो एल्बोवर लिहिलेलं वाचतो. आपण मात्र हातात घेऊन वजन बघतो, "जड आहे, चांगला आहे" म्हणतो. सराफाकडं गेल्यावर आपण अंगठी नुसती हातावर तोलून घेतो का? हॉलमार्क बघतोच ना.

चिन्हाचं पूर्ण वाक्य

आयएसआयचं चिन्ह म्हणजे नुसता तो चौकोनी शिक्का नाही. ते तीन भागांचं वाक्य आहे. चिन्हाच्या वर मानकाचा नंबर असतो, म्हणजे आयएस आणि पुढचा आकडा. मध्ये चिन्ह. खाली सीएम/एल असं लिहून लायसन्सचा नंबर. तीनातला एक भाग नसेल तर ते वाक्य अर्धवट. खोक्यावर नुसतं "आयएसआय क्वालिटी" किंवा "अॅज पर आयएस" छापलेलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा झाला, त्याला ब्युरोची साक्ष नाही. दावा खरा असू शकतो. पण निविदेत "आयएसआय मार्क" मागितलं असेल तर तो चालत नाही.

लायसन्सचा नंबर बीआयएस केअर नावाच्या अॅपवर टाकून बघता येतो. तिथं कंपनीचं नाव, माल कोणता, कोणत्या मानकाखाली, आणि लायसन्स चालू आहे की संपलंय, हे सगळं दिसतं. हे चारही बघा. आपल्या त्या दुकानदाराच्या बाबतीत पहिली गोष्ट बरोबर होती, दुसरी नव्हती.

पाइपचं मानक वेगळं आणि फिटिंगचं वेगळं, हे डोक्यात पक्कं बसवा. पिण्याच्या पाण्याचा पीव्हीसी पाइप आयएस ४९८५ मध्ये येतो. त्याला सोल्युशन लावून जोडायचे साच्यातले फिटिंग आयएस ७८३४ मध्ये येतात, आणि पाइप कापून-तापवून बनवलेले फिटिंग आयएस १०१२४ मध्ये. एचडीपीई पाइप आयएस ४९८४, त्याचे साच्यातले फिटिंग आयएस ८००८. सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर पाइप आयएस १३५९२, त्याचे फिटिंग आयएस १४७३५. जीआय पाइप आयएस १२३९ भाग १. त्याचे स्टीलचे सॉकेट, निप्पल वगैरे आयएस १२३९ भाग २. आणि आपण रोज विकतो ते मॅलिएबलचे एल्बो, टी, युनियन हे आयएस १८७९. एवढे नंबर एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला लावा. पाठ करायची गरज नाही, पण पोराला माल काढायला पाठवताना नजर गेली पाहिजे.

ज्या मालाला सरकारनं हे चिन्ह सक्तीचं केलंय, तो चिन्हाशिवाय बनवणंच नव्हे तर विकणं, साठवणं, विक्रीला मांडणं हेही बीआयएस कायदा २०१६ मध्ये गुन्ह्यात धरलंय. "मी कुठं बनवतो, मी तर विकतो" हे तिथं चालत नाही. सक्तीच्या यादीत भर पडत राहते, म्हणून वर्षातून दोनदा तरी आपल्या पुरवठादाराकडून लेखी विचारून घ्या.

अर्धा इंच म्हणजे नेमकं किती?

हा प्रश्न मी प्रत्येक बॅचमध्ये विचारतो आणि सगळे हसतात. अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच, त्यात काय विचारायचं?

बघा. अर्धा इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे २१.३ मिमी. अर्धा इंची सीपीव्हीसीचा १५.९ मिमी. आणि शेतीच्या पीव्हीसीत ज्याला आपण अर्धा इंच म्हणतो तो बाहेरून २० मिमी. तिघांचं नाव एकच, माप तीन. यातला एकही बरोबर १२.७ मिमी नाही, ना आतून ना बाहेरून. जीआयच्या दुनियेत "अर्धा इंच" किंवा "१५ मिमी" हे माप नाहीच, ते नाव आहे. तांत्रिक भाषेत त्याला नॉमिनल साइज म्हणतात. आपल्या घरात "लहान्या" असतोच की, तो सहा फूट वाढला तरी लहान्याच.

पीव्हीसी आणि एचडीपीईमध्ये उलटं आहे. तिथं ६३ म्हणजे बाहेरून खरोखर ६३ मिमी. आपण त्याला "दोन इंची" म्हणतो, ७५ ला "अडीच", ९० ला "तीन", ११० ला "चार". बोलायला काही हरकत नाही. पण बिलावर आणि ऑर्डरवर इंच लिहायचा नाही, मिमीच लिहायचं. नाहीतर शेतकरी मोटारीच्या दोन इंची जीआय निप्पलला, जो बाहेरून ६०.३ आहे, तुमचा ६३ चा सॉकेट बसवायला बघणार, आणि मग वैतागून फोन करणार, "भैया, बसना गेलंय, दुसरं द्या."

टी आणि रिड्यूसरच्या नावात तर आणखी गोंधळ. टीला तीन तोंडं. नाव लिहिताना आधी सरळ रेषेतलं मोठं तोंड, मग त्याच रेषेतलं समोरचं, आणि शेवटी फांदी. म्हणजे ५० × ५० × २५ म्हणजे सरळ लाइन दोन इंची आणि फांदी एक इंची. ५० × २५ × ५० लिहिलं तर पुढची लाइन बारीक होणार आणि फांदी दोन इंची राहणार. तेच आकडे, पण माल पूर्ण वेगळा. काही कॅटलॉगवाले फांदी मध्ये लिहितात. म्हणून नव्या कंपनीचा माल पहिल्यांदा मागवताना फोनवर आकडे सांगू नका. कागदावर टी काढा, तीन तोंडांवर तीन आकडे टाका, फोटो पाठवा. चित्र वाईट आलं तरी चालतं.

किलो, क्लास, पीएन

आपल्याकडं गिऱ्हाईक "चार किलोचा द्या", "सहा किलोचा द्या" म्हणतं. नवीन पोराला वाटतं वजन विचारतायत. हे किलो म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर किती किलोचा दाब सोसेल ते. आयएस ४९८५ मध्ये सहा वर्ग आहेत: २.५, ४, ६, ८, १० आणि १२.५ किलो. एचडीपीईवर हेच पीएन म्हणून येतं. त्या पाइपवरची ओळ अशी वाचायची: "पीई १०० पीएन १० डीएन ९०" म्हणजे प्लास्टिकची जात पीई १००, दाब दहा, बाहेरचा व्यास ९०. जात महत्त्वाची, कारण पीई ६३ च्या पाइपला तोच दाब सोसायला भिंत जास्त जाड लागते. दोन्हीवर पीएन १० असलं तरी हातात घेतल्यावर एक पातळ, एक जाड लागतो. गिऱ्हाईकाला जाडच चांगला वाटणार. त्याला जातीचं गणित समजावून सांगणं हे तुमचं काम.

दाबाचा हिशोब सोपा आहे. पाणी दहा मीटर वर चढवायचं म्हणजे साधारण एक किलो दाब. आता आपल्या भागातलं बोअर घ्या. मोटार तीनशे फुटांवर सोडली तर ते झाले ९१ मीटर. म्हणजे पाणी नुसतं वर आणायलाच मोटारीच्या तोंडाशी नऊ किलोच्या वर दाब. त्यावर शेतापर्यंतचा चढ, पाइपमधलं घर्षण, आणि लाइट गेल्यावर मोटार झटक्यात बंद होऊन पाणी मागं येतं तेव्हाचा दणका. तिथं "सहा किलोचा चालतंय का?" असं कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि एक, हे फार कमी जण सांगतात. पीव्हीसी पाइपवर लिहिलेला दाब २७ अंश तापमानाला धरलेला असतो. आपल्या नांदेडचा मे महिना आठवा. उघड्यावर, उन्हात पडलेल्या लाइनचं प्लास्टिक त्याच्या कितीतरी वर तापतं, आणि तापलं की त्याची ताकद उतरते. म्हणून उघड्यावरच्या लाइनला एक वर्ग वरचा द्या, नाहीतर लाइन पुरायला सांगा.

अख्ख्या लाइनची ताकद तिच्यातल्या सगळ्यात कच्च्या फिटिंगएवढी. दहा किलोचा पाइप आणि मध्ये बिनखुणेची एक टी, ज्याचा वर्गच माहीत नाही. मग ती लाइन दहा किलोची राहिली का? गिऱ्हाईक पाइपला पैसे मोजतं आणि फिटिंगला घासाघीस करतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावं लागलेल्या लातूरला गळती म्हणजे काय हे मी नव्यानं सांगायला नको.

जीआय पाइपला रंगाची खूण आहे. पिवळा पट्टा म्हणजे हलका, ए क्लास. निळा म्हणजे मध्यम, बी. लाल म्हणजे जड, सी. हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाइप कापल्यावर पट्टा ज्या तुकड्यावर राहतो तोच तुकडा आपण गिऱ्हाईकाला आधी देतो, आणि मागं उरलेला तुकडा बिनओळखीचा होऊन कोपऱ्यात उभा राहतो. महिन्यानं तो ए आहे का बी, हे मालकालाही सांगता येत नाही. कापताना खुणेचा भाग शेवटपर्यंत आपल्याकडं ठेवा, किंवा उरलेल्या तुकड्यावर त्याच वेळी पेंट मार्करनं क्लास लिहा. मार्कर स्वस्त मिळतो.

आट्यांचा छुपा घोळ

"सुतळी-सफेदा लावला, टेफ्लॉन लावला, तरी गळायलंय." ही तक्रार आली की आधी आटे तपासा. आपल्याकडचे जीआय फिटिंग आयएस ५५४ च्या आट्यांचे, ज्याला बाजारात बीएसपी म्हणतात. अमेरिकन पद्धतीच्या मशिनरीवर, काही प्रेशर गेजवर, फोर्ज्ड फिटिंगवर एनपीटी आटे येतात. अर्धा आणि पाऊण इंचाला दोन्हींत एका इंचात चौदाच आटे. म्हणून ते एकमेकांत दोन-तीन फेरे छान जातात आणि फिटरला वाटतं जमलं. पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. धार धारेला नीट बसतच नाही. पाणी असेल तर थेंब-थेंब गळतं. हवा किंवा वाफ असेल तर विचार करा.

एक इंचाला फरक लवकर कळतो, कारण बीएसपीत अकरा आटे आणि एनपीटीत साडेअकरा. दोन फेऱ्यांत अडकतं. म्हणजे मोठं फिटिंग तुम्हाला सावध करतं, लहान फसवतं. खूण काय बघायची? एनपीटीच्या फिटिंगवर बहुतेक वेळा तसं लिहिलेलं असतं. बीएसपीच्या बाजूला आर, आरसी, आरपी अशी अक्षरं दिसतील: आर म्हणजे बाहेरचे निमुळते आटे, आरसी म्हणजे आतले निमुळते, आरपी म्हणजे आतले सरळ. नुसतं जी असेल तर ते आटे पाणी अडवायचे नाहीतच, तिथं वॉशर लागतो. ज्या दुकानात थ्रेड गेज नाही त्यानं या महिन्यात घ्यावा.

वाफेची लाइन: इथं अंदाज चालत नाही

आता मोठ्या गिऱ्हाईकाकडं येऊ. लातूर-नांदेड म्हणजे सोयाबीन, तूर आणि ऊस. तेल गिरण्या, सॉल्व्हंट प्लांट, साखर कारखाने, आणि त्यांच्या मागोमाग बॉयलर. एमआयडीसीतला मेंटेनन्सवाला रात्री आठ वाजता फोन करतो, "दादा, दोन इंची चार एल्बो आणि दोन फ्लँज लागतायत, आत्ता पाहिजेत." घाई त्याची, माल आपला. इथं मी दुकानदाराला सांगतो, एक मिनिट थांबा आणि विचारा: लाइनीत काय आहे, दाब किती, तापमान किती?

पाणी असेल तर मॅलिएबल देऊन मोकळे. वाफ असेल तर दुनिया बदलते. तिथं वेल्डिंगचे एल्बो, फोर्ज्ड फिटिंग, फ्लँज येतात आणि त्यांच्यावरच्या खुणा अमेरिकन मानकांच्या. वेल्डिंगच्या एल्बोवर कंपनीची खूण, डब्ल्यूपीबी सारखी धातूची जात, शेड्यूल, साइज आणि हीट नंबर असतो. शेड्यूल म्हणजे भिंतीची जाडी. दोन इंची पाइप बाहेरून ६०.३ च राहतो, पण शेड्यूल ४० ला भिंत ३.९१ मिमी आणि शेड्यूल ८० ला ५.५४. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ. शेड्यूलची खूण पुसली गेली असेल तर व्हर्निअर लावल्याशिवाय तो एल्बो काउंटरवर ठेवू नका. फिटिंग लहान असेल आणि सगळं लिहायला जागा नसेल तर मानक शेवटून एकेक खूण गाळायला परवानगी देतं. म्हणून बारीक फिटिंगवर कमी लिहिलेलं असणं हा दोष नाही. पण कंपनीची खूण शेवटपर्यंत राहते. तीही नसेल तर माल निनावी समजा.

क्लासच्या आकड्यानं भले भले फसतात. "दीडशे क्लास" फ्लँज म्हणजे दीडशे पौंड दाब, असं निम्म्या बाजाराला वाटतं. तसं नाही. साध्या ए१०५ स्टीलचा दीडशे क्लास फ्लँज ३८ अंशांपर्यंत १९.६ बार सोसतो आणि २०० अंशांना १३.८ बार. म्हणजे एकच फ्लँज, पण लाइन तापली की त्याची लायकी खाली येते. म्हणून तापमान विचारल्याशिवाय फ्लँज द्यायचा नाही. तीन हजार क्लासच्या फोर्ज्ड फिटिंगचंही तसंच. आट्यांचा असेल तर तो शेड्यूल १६० च्या पाइपबरोबर धरलेला आहे, आणि सॉकेट वेल्डचा असेल तर शेड्यूल ८० बरोबर. आकडा तोच, जोडी वेगळी.

आणि कायदा. साडेतीन किलोच्या वर दाबाची वाफ नेणारी लाइन बॉयलर कायद्यात येते. १९२३ चा जुना कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, पण बाजारात आजही शब्द एकच ऐकू येतो: आयबीआर, म्हणजे १९५० चे भारतीय बॉयलर नियम. आयबीआरचा माल म्हणजे शिक्का आणि कागद दोन्ही. पाइपला फॉर्म तीन-ए, फिटिंग आणि व्हॉल्व्हला फॉर्म तीन-सी. फिटिंगवरचा नंबर आणि फॉर्मवरचा नंबर जुळला पाहिजे. नुसता कागद असेल तर तो कोणत्या एल्बोचा, हे कोण सांगणार? आणि नुसता शिक्का असेल तर तपासणी अधिकारी तो मानणार नाही. गिऱ्हाईक म्हणेल, "कागद नंतर द्या, आत्ता माल द्या." त्या लाइनीखालून दिवसभर माणसं जातायत हे त्याला आठवण करून द्या. एका नगाचा धंदा गेला तरी चालेल.

हीट नंबर आणि टेस्ट सर्टिफिकेट यांची जोडी सांभाळणारं दुकान आपल्या भागात फार दुर्मीळ आहे, आणि माझ्या मते इथंच लहान दुकानदाराला संधी आहे. मोठ्या शहरातला स्टॉकिस्ट टीसी देतो म्हणून कारखाना चार-पाच तासांवरून माल मागवतो. तुम्ही साधी बॉक्स फाइल ठेवा. प्रत्येक टीसीवर माल आल्याची तारीख आणि तो कोणत्या फळीवर ठेवला ते लिहा. माल जाईल तसा त्या कागदाच्या मागं बिल नंबर टाका. सॉफ्टवेअर लागत नाही.

ऑर्डर कशी लिहायची

"एल्बो १ इंच, ५० नग" ही ऑर्डर नाही, ही इच्छा आहे. पुरवठादार त्याच्याकडं जो पडून आहे तो पाठवणार आणि त्याचं चुकलंही म्हणता येणार नाही. असं लिहा: "एल्बो ९० अंश, २५ मिमी, मॅलिएबल, जीआय, आतले बीएसपी आटे, आयएस १८७९, आयएसआय चिन्ह व लायसन्स नंबरसह, ५० नग." वेल्डिंगचा असेल तर: "एल्बो ९० अंश लाँग रेडियस, २ इंच, शेड्यूल ४०, सीमलेस, ए२३४ डब्ल्यूपीबी, हीट नंबर व टीसीसह, आयबीआर फॉर्म तीन-सी आवश्यक, ४ नग." ओळ लांब होते, होऊ द्या. शेवटी एक वाक्य टाका: "खुणा नसलेला माल परत केला जाईल, वाहतूक खर्च पुरवठादाराचा." आपल्या त्या दुकानदाराच्या ऑर्डरवर हे वाक्य असतं तर पुरवठादाराला खोकं फुटल्याचं कारण पुढं करता आलं नसतं.

हीच ओळ तुमच्या विक्रीच्या बिलावरही जशीच्या तशी यायला पाहिजे. जीएसटीसाठी आपण लोखंडी फिटिंगला ७३०७ आणि प्लास्टिकच्या पाइप-फिटिंगला ३९१७ हा एचएसएन टाकतो. पण त्या आकड्यातून फक्त माल लोखंडाचा की प्लास्टिकचा एवढंच कळतं. क्लास, मानक, साइज काहीच कळत नाही. उद्या वाद झाला तर बिलावर "पाइप फिटिंग, १ लॉट" लिहिलेलं असेल तर तुमच्या बाजूनं बोलायला काही नाही.

माल आला की गाडीवाल्याला चहा द्या आणि तोवर खोकी उघडा. प्रत्येक खोक्यातून दोन-तीन नग काढून अंगावरची खूण आणि खोक्यावरची खूण जुळते का बघा. चिकटवलेलं स्टिकर आणि अंगावर उठलेली अक्षरं यात फरक करा. स्टिकर कुणीही लावू शकतं, पण साच्यातून उठलेलं नाव बदलायला साचाच बदलावा लागतो. लायसन्स नंबर अॅपवर टाकून स्क्रीनशॉट काढा आणि त्या दिवशीच्या तारखेनं ठेवा. पहिले काही दिवस घरचे म्हणतील, काय पोलिसासारखं करतोय. नंतर सवय होते.

राहिला प्रश्न तुमच्या कोपऱ्यातल्या जुन्या मालाचा. नाव नाही, नंबर नाही, वडिलांच्या काळापासून पडलेला. तो फेकायची गरज नाही. गोठ्याच्या पाण्याला, तात्पुरत्या लाइनला, कूलरला गिऱ्हाईक मिळतं. वेगळ्या कप्प्यात ठेवा, कप्प्यावर "मार्किंग नाही" लिहा, दर वेगळा लावा, आणि बिलावरही तेच लिहा. फक्त तो माल नव्या खोक्यात भरून नव्या मालात मिसळू नका, कारण एकदा मिसळला की तुमचाच पोरगा तो शोधू शकणार नाही. सक्तीच्या यादीतला माल असेल तर मात्र तो विकायलाच ठेवू नका, भंगारात काढा.

थ्रेड गेज कसा लावायचा ते शब्दांत सांगणं अवघड आहे. पुढच्या व्हिडिओत अर्ध्या इंचाचे दोन निप्पल, एक बीएसपी आणि एक एनपीटी, समोरासमोर धरून दाखवतो. तोवर सुरुवातीला सांगितलेला तो कागद भरून ठेवा.